‘ओटीपी कोणाला सांगितला?’

बँकेत नोकरी करणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी साठत जातात. कॅलेंडरं आणि किस्से! कॅलेंडरं जानेवारीत शेजारीपाजारी वाटली की संपतात. किस्से मात्र वाटले की वाढतात. आपण एक सांगावा, तर समोरचा म्हणतो, "हे तर काहीच नाही, माझ्या साळ्यासोबत काय झालं माहीत आहे का?" की झाला आणखी एक जमा!

आधी मी कोरपन्याला होते, आता आरमोरीच्या शाखेत आहे. शाखा लहान. मॅनेजर पाटील साहेब, मूळचे कोल्हापूरचे. दारावर गार्ड मडावी भाऊ. काउंटरवर दोन कॅशियर. आणि चार नंबरच्या टेबलावर मी, सुषमा मेश्राम. टेबलावर पाटी आहे ‘ग्राहक सेवा’. पण गावात विचाराल तर लोक सांगतील, "ते फ्रॉडचं टेबल होय."

म्हणजे मी फ्रॉड करते असं नव्हे हो! ज्यांचं कार्ड, खातं, फोन कोणीतरी लुबाडलं, ते सगळे माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतात. कार्ड आमच्या बँकेचं असो की दुसऱ्या कोणाचं. कार्ड कंपनीचं ऑफिस कुठल्यातरी काचेच्या इमारतीत, तिथला फोन उचलते मशीन. माझ्या टेबलावर निदान माणूस बसलेला दिसतो. म्हणून सगळे इकडेच येतात.

*

भोयर गुरुजींपासून सुरुवात करते. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेलं. रिटायर झाले, पण लाल पेन अजून खिशाला असतो.

एका सकाळी त्यांना फोन आला. "मैं हेड ऑफिस से बोल रहा हूँ. आपका कार्ड बंद होनेवाला है."

गुरुजी म्हणाले, "मराठीत बोला."

त्या माणसाला थोडं मराठी येत होतं, हे त्याचं दुर्दैव. तो म्हणाला, "तुमचा कार्ड बंद होणार आहे."

"तुमचा नाही, तुमचं. कार्ड नपुंसकलिंगी आहे."

"हां, तुमचं कार्ड. ओटीपी सांगा, चालू ठेवतो."

"असं तोंडी काम होत नसतं. रीतसर अर्ज करा. कागद घ्या. उजव्या कोपऱ्यात दिनांक. डावीकडे ‘प्रति’. मग विषय."

आणि तो माणूस चक्क लिहायला बसला! त्याला वाटलं असेल, म्हातारा आता सांगेल, मग सांगेल. वीस मिनिटं गुरुजींनी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला. मग म्हणाले, "वाचून दाखवा."

"विषय, कार्ड चालू ठेवणेबाबद..."

"बाबद नाही! बाबत! त, त, तलवारीतला त!"

फोन कट.

अकरा वाजता गुरुजी माझ्यासमोर हजर. रागाने लाल. "मॅडम, तुमच्या हेड ऑफिसात भरती कशी करतात हो? माणसाला ‘बाबत’ लिहिता येत नाही!"

मी त्यांना पाणी दिलं. हळूहळू समजावलं, की तो आमचा माणूस नव्हता, चोर होता. गुरुजींनी ग्लास रिकामा केला. मग मान हलवत म्हणाले,

"तरीच! तरीच अर्जाखाली सही न करताच पळाला."

*

आमच्या शाखेसमोर रामटेके भाऊंची चहाची टपरी आहे. टपरीच्या खांबाला क्यूआर कोड लावलेला, आणि बरणीशेजारी तो बोलणारा डबा. कोणी पैसे टाकले की डबा ओरडतो, ‘दस रुपये प्राप्त हुए.’ रस्त्यापलीकडे आम्हाला ऐकू येतं.

एकदा तीन दिवस डबा गप्प. लोक चहा पितात, स्कॅन करतात, फोन दाखवतात, "पैसे गेले पाहा भाऊ." आणि डबा काही बोलेना.

भाऊंनी कंपनीला फोन लावला. "डबा बोलून नाई राह्यला जी."

"सर, आपका डिव्हाइस अ‍ॅक्टिव्ह दिख रहा है."

"दिसून राह्यला असन. मले तं ऐकू नाई येऊन राह्यलं न!"

"सर, अ‍ॅक्टिव्ह है."

चौथ्या दिवशी शाळेतल्या एक बाई चहा प्यायल्या. पैसे पाठवताना थांबल्या. म्हणाल्या, "रामटेके भाऊ, तुमचं नाव पिंकीकुमारी कधीपासून झालं?"

भाऊ खांबाकडे धावले. नखाने कोपरा उचलला, तर वरचा स्टिकर सोलून हातात आला! खाली त्यांचा खरा. कोणीतरी गर्दीत चिकटवून गेलं होतं, आणि तीन दिवसांची कमाई पिंकीकुमारीकडे.

कंपनी म्हणाली, रोज सकाळी आपला कोड तपासणं ही दुकानदाराची जबाबदारी. यावर पाटील साहेबांनी स्वतः पत्र लिहिलं. ‘डब्याचं भाडं तुम्ही दर महिन्याला न चुकता घेता. डबा गप्प आहे हे दुकानदाराने तुम्हाला पहिल्याच दिवशी कळवलं. तुम्ही त्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणालात. आणि ही पिंकीकुमारी तुमचीच ग्राहक आहे, तिचे कागद कोणी तपासले?’ महिन्याभराने पैसे आले. सगळे आले!

तेव्हापासून भाऊंनी टपरीवर नियम केला आहे. पैसे टाकायच्या आधी फोनवर दिसणारं नाव मोठ्याने वाचायचं. वाचल्याशिवाय चहा नाही. तहसीलदार आले तरी वाचायचं.

त्यामुळे वीस वर्षं तिथे चहा पिणाऱ्या लोकांना पहिल्यांदा कळलं, की रामटेके भाऊंचं नाव मनोहर आहे!

*

मडावी भाऊंचा एक छोटासा किस्सा आहे.

मडावी भाऊंची ड्यूटी दारावर, पण डोळे एटीएमवर. कोणी कानाला फोन लावून एटीएमकडे निघाला की भाऊ आडवे येतात. "पहिले फोन ठेवा. मंग पैसे काढा." त्यांना कोणी हे शिकवलं नाही. एकदा एका म्हातारीला असंच फोनवर बोलत बोलत सगळं काढून देताना त्यांनी पाहिलं होतं, आणि ती नंतर पायरीवर बसून रडली ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

तर एक दिवस धानाचे पैसे जमा झालेले कवडू मामा फोन कानाला लावून आले. पलीकडून कोणीतरी सांगत होता, कार्ड मशीनमध्ये टाका, आता हे बटण दाबा. मडावी भाऊंनी फोन घेतला आणि गोंडीत सुरू झाले. शांतपणे, अगदी पाहुण्याशी बोलावं तसं.

पलीकडून "हिंदी में, हिंदी में!" असा आवाज. भाऊ गोंडीतच. मग पलीकडे दुसरा माणूस आला. मग तिसरा, तो साहेब असावा. भाऊंनी त्यालाही तेवढ्याच प्रेमाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. दहा मिनिटांनी त्या लोकांनीच फोन ठेवला.

मी विचारलं, "काय सांगत होते हो भाऊ इतकं?"

"काई नाई मॅडम. आमच्या गावाचा रस्ता सांगलो. कोणत्या नाल्यावरून वळाचं, कोणत्या मोहाच्या झाडापाशी थांबाचं. म्हटलो, ये एकदा. बसून बोलू."

*

पाटील साहेबांना जनजागृतीची भारी हौस. आठवडी बाजारात टेम्पो उभा करायचा, वर माइक लावायचा आणि भाषण. त्या दिवशी भाजीवाल्या बायांच्या रांगेपुढेच टेम्पो होता. मी खाली पत्रकं वाटत होते.

साहेब रंगात आले. "लक्षात ठेवा! ओटीपी म्हणजे घराची किल्ली. कोणाला द्यायची नाही. मित्राला नाही, भावाला नाही, बायकोलासुद्धा नाही!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. उशिराने पोचलेला मेसेज होता. त्यांनी वाचला आणि चेहरा उतरला. माइक हातातच.

"मॅडम! माझ्या कार्डावर खरेदी झालीय ओ! मिक्सर घेतलाय कुणीतरी!"

सगळ्या बाजाराने ऐकलं. पण माणूस खरा मॅनेजर! एका क्षणात सावरले. "घाबरायचं नाही मंडळी. आता बघा, काय करायचं असतं. सगळ्यात आधी कार्ड बंद!" आणि माइकसमोर फोन धरून त्यांनी कार्ड कंपनीला लावला. मशीनचा आवाज बाजारभर. ‘हिंदी के लिए दो दबाइए.’ भाजीवाल्या ओरडल्या, "दोन दाबा साहेब, दोन!" ‘कार्ड बंद करने के लिए चार दबाइए.’ "चार, चार!" सगळा बाजार साहेबांचं कार्ड बंद करत होता. बंद झालं, तेव्हा भाषणापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

मग फोन पुन्हा वाजला. साहेबांनी उचलला. माइक अजून चालूच.

"अहो, तुम्ही सकाळी ज्याचा ओटीपी सांगितला, त्या मिक्सरचं काम झालं. आता कुकर घ्यायचा म्हटलं तर कार्डच चालेना!"

सगळा बाजार साहेबांकडे बघायला लागला. मग वांगीवाली बाई विचारते, "साहेब, बायकोलेपण नाई म्हटले न जी तुम्ही?"

साहेबांनी माइक तोंडाशी नेला, खूप विचार केला आणि म्हणाले,

"हा नियम आजपासून आहे. ओटीपी तिनं कालच मागितला होता!"

खरं तर तिने आज सकाळीच मागितला होता. आणि ते सगळ्या बाजाराने नुकतंच ऐकलं होतं!

*

शोभाबाई धकाते कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतात. त्यांच्या घरात शिरलं की पहिल्यांदा हातमागाचा आवाज येतो, माणसं मग दिसतात. मुलीने त्यांच्या साड्यांचे फोटो फोनवर टाकले आणि एका मोठ्या ‘अधिकाऱ्याने’ सहा साड्यांची ऑर्डर दिली. अ‍ॅडव्हान्स पाठवतो म्हणाला, हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. शोभाबाईंनी केलं. पैसे आले नाहीत. होते तेही गेले. तो रेशमाच्या कोषांसाठी ठेवलेला पैसा होता. कोष नाही तर माग बंद.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केली. रडत बसल्या नाहीत, तशाच चपला न घालता धावत आमच्याकडे आल्या. अर्ध्या तासात आम्ही सायबर हेल्पलाइनवर तक्रार टाकली आणि चोराच्या वॉलेटमध्ये पैसे अडकले. आता वॉलेटवाल्या कंपनीने ते परत करायचे, एवढंच बाकी.

तेच अवघड! कंपनीची तक्रार अ‍ॅपवर करायची. तिथे उत्तरं देते एक मशीनची मुलगी. ‘तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे. आमची मदत कशी वाटली?’ आणि खाली पाच रिकाम्या चांदण्या.

शोभाबाई घरी एकट्या होत्या. त्यांनी एक चांदणी दाबली, ती पिवळी झाली. दुसरी दाबली, तीही झाली. त्या मला नंतर म्हणाल्या, "मले वाटलं बाई, डिझाइन होय. बुटी भरावी तशी भरली मी."

दुसऱ्या दिवशी मेसेज. ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. कारण: ग्राहक समाधानी.’

मी लिहिलं. उत्तर आलं, तक्रार समाधानकारकरीत्या बंद. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच! मग मी कंपनीच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याला कागदावर पत्र पाठवलं, रजिस्टर पोस्टाने. ‘चांदण्या म्हणजे पैसे मिळाल्याची पावती नव्हे. पैसे तुमच्याकडे अडकून आहेत, चोर तुमचा खातेदार आहे, आणि बाईंचा माग बंद आहे.’ या मधल्या काळात शेजारच्या बायांनी आपल्या वाट्याचे कोष शोभाबाईंना दिले, म्हणून माग पूर्ण थांबला नाही. तीन महिन्यांनी पैसे परत आले.

त्या दिवशी शोभाबाई माझ्यासमोर बसलेल्या असतानाच कंपनीतून फोन आला. या वेळी खरा माणूस होता. मराठीत बोलला. "ताई, तुमची तक्रार सोडवली आहे. आम्हाला एक ते पाचमध्ये किती स्टार द्याल?"

शोभाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मनाला येईल ते सांगा.

त्या फोनमध्ये म्हणाल्या, "पाचही तं पहिलेच देल्ल्या जी तुमच्या पोरीले. आता माह्याजवळ एकही उरली नाई!"

*

आता स्वतःचा किस्सा सांगते. हा सांगायला मला दोन वर्षं लागली.

मुलगी नागपूरला शिकते. तिच्यासाठी मी बूट मागवले होते. शनिवारी दुपारी मेसेज आला. ‘पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल परत जात आहे. दोन रुपये भरून पत्ता दुरुस्त करा.’ मी लिंक उघडली. कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी आला. टाकला!

मी, सुषमा मेश्राम, चार नंबरचं टेबल!

एका मिनिटात तीन मेसेज. तीन वेगवेगळ्या देशांतून खरेदी. मी कार्ड बंद केलं, हेल्पलाइनला फोन केला, सगळं बरोबर केलं. पण नवऱ्याला संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. आईला तर अजून सांगितलेलं नाही. तिचं सगळ्या गावाला सांगून झालं आहे की माझी सुषमा लोकांचे पैसे वाचवते.

सोमवारी तक्रार लिहायची तर नियम असा, की आपली तक्रार आपण घ्यायची नाही. म्हणून कॅशियर निखिल माझ्या खुर्चीत बसला आणि मी समोरच्या. तेव्हा पहिल्यांदा कळलं की समोरची खुर्ची बुटकी आहे. तिथे बसलेल्या माणसाला मान वर करून बोलावं लागतं. इतकी वर्षं लोक माझ्याशी मान वर करून बोलत होते!

निखिलने फॉर्म पुढे ओढला आणि अगदी माझ्याच आवाजात विचारलं, "ओटीपी कोणाला सांगितला?"

मी रोज विचारते तो प्रश्न. त्यात किती काटे आहेत, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. चोराबद्दल कोणी काही विचारत नाही. एका मिनिटात तीन देशांत फिरणारं कार्ड थांबवायचं ज्या कंपनीच्या यंत्राने, त्याबद्दल कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न मलाच!

मी तो मुद्दा तक्रारीत लिहिला. बाई आरमोरीत आहे आणि कार्ड तीन देशांत आहे, हे तुमच्या यंत्राला विचित्र वाटलं नाही का? कार्ड कंपनीने बरीच पत्रापत्री केली, पण शेवटी मान्य केलं आणि पैसे परत दिले. मी खुर्ची बदलून घेतली, दोन्ही सारख्या उंचीच्या. आणि पहिला प्रश्न बदलला. आता मी विचारते, "पाणी घेता का?" दुसरा, "कधी झालं?" कारण वेळ महत्त्वाची. बाकीचं सगळं नंतर.

त्या सोमवारी मी फॉर्म भरून उठले, तर दारात मडावी भाऊ. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं, फक्त माझा उतरलेला चेहरा दिसला आणि कानावर ‘फ्रॉड’ एवढा शब्द पडला. त्यांनी दाराजवळच्या टेबलावरचं एक पत्रक उचलून माझ्या हातात ठेवलं. ‘फसवणुकीपासून सावध राहा.’ मीच लिहिलेलं, मीच छापून घेतलेलं.

म्हणाले, "हे वाचा मॅडम. चांगलं लिवलं हाये कोणीतरी."

*

आणि हा उसेंडी सिस्टरचा.

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. सिस्टरच्या कार्डावरची सगळी खोटी खरेदी माफ झाली. व्याज गेलं, दंड गेला, कंपनीचं दिलगिरीचं पत्र आलं. तिने ते पत्र लॅमिनेट करून घेतलं आणि आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावलं.

पण ते होण्याआधी वर्ष गेलं.

उसेंडी सिस्टर एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली लस टोचणारी नर्स आहे. माहेर आरमोरीकडचं, पगाराचं खातं आमच्याकडे. नोकरी भामरागडच्या आतल्या एका गावात. नागपूरच्या एका दुकानात फ्रिज घेताना तिथल्या मुलाने क्रेडिट कार्ड तिच्या गळ्यात मारलं होतं. फ्रिजचे हप्ते फिटले, कार्ड पर्समध्ये पडून राहिलं.

पावसाळ्यात ती त्याच गावात लसीकरणाला गेली आणि नाल्याला पूर आला. चार दिवस अडकली. पाणी उतरल्यावर बाहेर आली, तर तिचं सिम बंद. कोणीतरी तिच्या नावाचे खोटे कागद देऊन तिच्या नंबरचं दुसरं सिम काढलं होतं. ओटीपी त्या सिमवर जात होते, आणि त्या चार दिवसांत तिच्या कार्डावर महागडे फोन विकत घेतले गेले होते. एक नाही, पाच!

तिने तक्रार केली. कार्ड कंपनीचं उत्तर एका ओळीचं. ‘ओटीपी आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर पाठवला गेला व वापरला गेला. सबब जबाबदारी ग्राहकाची.’

सिस्टर माझ्यासमोर बसली. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, नंबर माहा होय. पन मी तं तिथी होती न! तिथी मोबाईल फक्त टाइम पाहाले लागते."

आम्ही लिहिलं, त्या गावात टॉवर नाही. कंपनी म्हणाली, आमच्या नोंदीप्रमाणे आपल्या जिल्ह्यात नेटवर्क उपलब्ध आहे. जिल्ह्यात! गडचिरोली जिल्हा म्हणजे यांना एखादी गल्ली वाटली असावी.

वसुलीवाले फोन करू लागले. तिला लागत नाही म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना. "तुमच्याकडची नर्स पैसे बुडवते." डॉक्टर भले, ते म्हणाले, "ती पूर ओलांडून लस पोचवते, तुमचे पैसे कशाला बुडवेल?" पण तिचं घराचं कर्ज अडकलं. घरचे म्हणाले, भरून टाक एकदाचे, कटकट मिटव. सिस्टर म्हणाली, "मी घेतले नाई तं मी काऊन भरू? आज भरले तं चोर मीच ठरतो."

मग आम्ही वर गेलो. लसीकरणाचं रजिस्टर जोडलं. चारही दिवसांच्या तारखा, एकेका बाळाचं नाव, आयांचे अंगठे. कंपनीच्याही वरच्या तक्रार अधिकाऱ्याने कंपनीला सांगितलं, तुमचा माणूस पाठवा, गावात नेटवर्क आहे की नाही ते जागेवर जाऊन बघा.

नागपूरहून देशमुख नावाचे एक अधिकारी आले. पस्तिशीचे, पांढरा शर्ट, चकचकीत बूट, हातात कंपनीचा टॅब. सिस्टर म्हणाली, मॅडम, तुम्ही पण चला. मी रजा टाकली. आयुष्यात इतकी चांगली रजा मी दुसऱ्या कशासाठी टाकलेली नाही.

आलापल्ली सोडली आणि देशमुखांच्या फोनवरच्या नेटवर्कच्या काड्या एकेक करून गळाल्या. ते फोन गाडीच्या काचेला लावून बघत. एका चढावर ओरडले, "आली, एक आली!" ड्रायव्हरने गाडी थांबवेपर्यंत गेली. पुढे फोन नुसता हातात. नाल्याजवळ गाडी सोडली. बूट हातात घेऊन, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यातून आले. कुरकुर केली नाही, हे त्यांचं खरंच चांगलं.

गावात त्यांनी सगळं नीट पाहिलं. रजिस्टर पाहिलं. अंगठे देणाऱ्या आया स्वतः येऊन उभ्या राहिल्या. एकीने कडेवरचं पोर पुढे केलं, दंडावरची लसीची खूण दाखवायला. देशमुख गावभर फिरले, टेकडीवर चढले, उपकेंद्राच्या ओट्यावर उभे राहिले. फोन कुठेच लागला नाही. मग सिस्टरकडे बघून म्हणाले, "सिस्टर, मला काही शंका उरली नाही. आत्ता तुमच्यासमोर रिपोर्ट भरतो."

ओट्यावर बाज टाकली होती. ते बसले, टॅब उघडला. कंपनीचा नियम असा, की रिपोर्ट जागेवरूनच भरायचा. आम्ही सगळे भोवती. देशमुख एकेक रकाना मोठ्याने वाचून भरत होते. ‘ठिकाणाला भेट दिली का? होय.’ ‘साक्षीदार भेटले का? होय.’ ‘ठिकाणी मोबाईल नेटवर्क उपलब्ध आहे का?’

देशमुखांनी सिस्टरकडे पाहिलं, हसले आणि ठसक्यात दाबलं. ‘नाही.’

मग शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. खाली अक्षरं आली. ‘रिपोर्ट पाठवण्यासाठी आपल्या मोबाईलवर ओटीपी पाठवत आहोत. कृपया वाट पाहा.’

देशमुखांनी ते दोनदा वाचलं. सिस्टर ओठ घट्ट मिटून जंगलाकडे बघत होती. चक्र फिरत होतं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. काळा चहा आला. देशमुखांनी तो घेतला, पण डोळे मोबाईलवरच. गावातली एक म्हातारी समोर उकिडवी बसून हा सगळा प्रकार केव्हाची बघत होती. तिने सिस्टरला गोंडीत काहीतरी विचारलं. सिस्टरने उत्तर दिलं. म्हातारी उठली, घराच्या दाराशी गेली, मग परत वळून अजून काहीतरी म्हणाली.

देशमुखांनी विचारलं, "काय म्हणतात आजी?"

सिस्टर म्हणाली, "विचारून राह्यल्या, साहेब कोनाची वाट पाहून राह्यले. मी म्हटलं, ओटीपीची."

"मग?"

"म्हनतात, नाल्यापलीकडून येनाऱ्याले उशीर होतेच. त्याच्यासाठीपन भात टाकू का?"